कृष्णाबाई अवलंबून होते

वडखळपलीकडे खाडीकाठच्या गावात कृष्णाबाई एकटी राहायची. जन्म मिठागरात गेलेला; पासष्टीतही तिच्या चालीला जवान माणसं पुरी पडत नसत. यंदा उधाणात बांध फुटला आणि तिच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. टोप तरंगत अंगणात गेले, गोधड्यांचा लगदा झाला. सरकारी मदतीची यादी लागली, तर साऱ्या आळीची नावं होती, हिचंच नव्हतं.

तलाठ्याने कारण सांगितलं. रोह्याला कंपनीत असलेल्या जितेशने, म्हणजे तिच्या मुलाने, तिचं नाव आपल्या रेशनकार्डात चढवलं होतं. कागदावर ती त्याच्यावर अवलंबून. मदत वेगळ्या चुलीलाच.

"अवलंबून म्हंजे काय करायचा असतं?" तिने विचारलं.

"काय नाय. त्यानं पोसायचं, तुमी बसून खायचं."

दुसऱ्या दिवशी बोचकं घेऊन ती रोह्याच्या एसटीत बसली.

जितेशच्या घरी ती कॉटवर बसली ती बसलीच. सून नम्रताने चहा दिला, तर तो बशीत ओतून, वर फुंकून मागितला. जितेश शिफ्टवरून आला की त्याने मासळीचे काटे काढून द्यायचे, वेणी घालायची. मालिका लागली की ही डोळे मिटायची आणि काय चाललंय ते त्याला सांगायला लावायची. बरं नाय काय, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, कागदात तसं लिवलंय.

चौथ्या दिवशी जितेशने रजा टाकली आणि आईला घेऊन पेणचं तहसील ऑफिस गाठलं. कंपनीच्या दवाखान्यात आईला उपचार मिळावेत म्हणून कार्डात नाव घातलं होतं, त्याने कारकून दिनानाथांना सांगितलं. आई वेगळी रांधते, उलट दरसाल तांदूळ आणि सुकट तीच आम्हाला पाठवते.

दिनानाथांनी चष्मा वर केला. "मग अवलंबून नक्की कोण?"

जितेशने रेशनकार्ड टेबलावर पुढे सरकवलं.

"याचाच नाव माज्या कार्डात घाला," कृष्णाबाई म्हणाली. "सुनेचाबी. खाऊ दे बसून."

दिनानाथांनी हसू दाबत तिचं नाव वेगळं काढायचा अर्ज लिहून घेतला. आळीने वेगळ्या चुलीची साक्ष दिली. दीड महिन्याने पैसे आले. तिने शेगडी आणि दोन गाद्या घेतल्या.

पुढे जितेशला कळलं, की कंपनीच्या दवाखान्याला रेशनकार्ड लागतच नव्हतं. त्याने हे आईपासून लपवलं. नम्रताने त्याच दिवशी सासूला फोन करून सांगितलं.