कार्डं बंद केली त्याची गोष्ट

शिरपूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आबांनी माझी बॅग स्वतः वर चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. मायने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. त्याचा वास शेजारच्या बाईपर्यंत गेला तशी ती ओळखीचं हसली. गाडी सुरू झाली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "सांभाळी राह्य, बेटा. कोनाकडथीन उसनं लेवानं नही."

माझ्या वडिलांचं, आबांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्यांच्याकडे आणून टाकतात, आबा जुनी तार काढून नवी भरतात. घरातला फ्रिज, माझं कॉलेज, दुकानाचं पत्र्याचं छप्पर, सगळं त्यांनी रोखीने केलं. साठले तर घेतलं, नाही साठले तर थांबलो. आमच्याकडे याला कुणी तत्त्व वगैरे म्हणत नसे. तशीच रीत होती.

पुण्यात रीत वेगळी निघाली. पहिलं क्रेडिट कार्ड पगाराच्या खात्याबरोबर आपोआप आलं. दुसरं ऑफिसच्या कँटीनमध्ये टेबल मांडून बसलेल्या एका गोड मुलीने दिलं. तिसऱ्यावर एक बॅग फुकट होती. चौथं कसं आलं ते मला आजही सांगता येणार नाही. सगळी 'लाइफटाइम फ्री'. मी वापरत होते ते एकच, कँटीनवालं. बाकीची कपाटात पडून. पण पडून राहिली तरी ती गप्प बसत नव्हती. जेवायला बसलं की फोन. मीटिंगमध्ये फोन. लिमिट वाढवून देऊ का, विमा घ्या, व्हाउचर संपतंय. मग एका फ्री कार्डावर वार्षिक फी लागली. विचारलं तर म्हणे, मॅडम, तुम्ही वापरलंच नाहीत ना. म्हणजे न वापरल्याचा दंड! मला शिसारी आली. जेवताना ताटात केस निघाला की येते तशी.

मी ती तिन्ही कार्डं बंद करायचं ठरवलं. तेही सोपं नव्हतं. एकाकडून दुसऱ्याकडे फोन, दर वेळी तेच, "मॅडम, का सोडून जाताय आम्हाला?" जसं काही माझं त्यांच्याशी लग्न लागलं होतं. शेवटी बंद झाल्याचे मेल आले. मी किचनमधल्या कात्रीने कार्डांचे तुकडे केले आणि हात साबणाने धुतले. खरंच धुतले.

त्याच सुमारास मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुण्यात करून घेतलं. तो खर्च उरलेल्या कार्डावर टाकला आणि महिन्याच्या महिन्याला वेळेवर फेडत होते. एक हप्ता चुकवला नाही. तेवढ्यात घरमालकाने मुलाचं लग्न ठरलं म्हणून जागा सोडायला सांगितली. भाड्याच्या घरांचा वीट आला होताच. मी शहराच्या कडेला एक लहानसा फ्लॅट बघितला, टोकन दिलं आणि कर्जासाठी बँकेत गेले.

बँकेतला मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर एकदम खाली आलाय. कार्डं बंद केलीत का?"

"वापरत नव्हते म्हणून केली."

"तीच चूक झाली. आधी चार कार्डांचं मिळून लिमिट मोठं होतं, त्यात तुमची उधारी किरकोळ दिसायची. आता एकच कार्ड, आणि ते जवळजवळ भरलेलं. सिस्टिमला वाटतं, या बाईचा हात तंग आहे. शिवाय सगळ्यांत जुनं कार्डही तुम्ही बंद केलंत. कर्ज मिळेपर्यंत तरी पडू द्यायची होती कपाटात."

उधारी तेवढीच, पगार तोच, हप्ते वेळेवर. फक्त नको असलेली उधारीची दारं मी लावून घेतली, तर मीच संशयित. मी त्याला तसं म्हटलं. तो बिचारा खांदे उडवून म्हणाला, "सोबत कोणी सहअर्जदार असेल तर बघू."

आबा आले. रात्रभराच्या प्रवासानंतर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दुकानाचा परवाना आणि रिटर्नच्या प्रती पिशवीत घेऊन. मुलाने त्यांचं पॅनकार्ड घेतलं, टाइप केलं, आणि जरा चाचरत म्हणाला, "काकांचा तर स्कोअरच येत नाहीये. काही हिस्ट्रीच नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मी नापास व्हयनू का?"

"नाही काका," तो हसून म्हणाला, "तुम्ही परीक्षेलाच बसला नाहीत. असं करा, एक कार्ड काढा, थोडं वापरा, थोडं फेडा. बनेल हिस्ट्री."

ज्या माणसाच्या शब्दावर तांब्याच्या तारेचा व्यापारी धुळ्याहून माल पाठवतो, त्याला हे पोर इतिहास बनवायला शिकवत होतं. आबा मात्र चिडले नाहीत. कागद नीट पिशवीत ठेवले आणि उठता उठता म्हणाले, "कर्ज नही म्हनीसन भरोसा नही. हाई उलटं शे." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुले घर लेनं शे, ले. मन्हा नावनं कार्ड नको काढू."

तो फ्लॅट गेला. बिल्डरने टोकनमधून कापून घ्यायचं ते घेतलं. मी दुसरीकडे भाड्याने राहिले, कार्डावरची उधारी आधी संपवली, आणि काही महिन्यांत तो आकडा आपसूक वर चढला. मग कर्ज मिळालं. आधीच्यापेक्षा लांब, आधीच्यापेक्षा लहान, पण घर झालं. तुमच्यापैकी जे खानदेशातून इकडे आलात त्यांना सांगते: घराचं कर्ज काढायचं असेल तर ते होईपर्यंत नको असलेली कार्डंही बंद करू नका, आणि केलीच तर जुनं ठेवा. हे सांगताना मला किळस येते, पण खरं आहे ते खरं आहे. स्कोअर सुधारल्यापासून नव्या कार्डांचे फोन पुन्हा सुरू झालेत, हेही सांगून ठेवते.

यंदा दिवाळीला शिरपूरला गेले होते. दुपारी आबा जेवायला घरी गेले आणि मी दुकानावर बसले. सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक शेतकरी मोटारसायकलवर आला. मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"आबा नही का? मन्ही मोटर लेवाले येल शे," त्याने कोपऱ्यातल्या एका मोटारीकडे बोट दाखवलं. "आबासंगे बोलनं व्हयेल शे."

माझ्या ओठांवर पुण्यातले सगळे प्रश्न आले. नाव काय, पावती आहे का, पैसे दिलेत का. एकही विचारला नाही. मी एका बाजूने मोटार धरली, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांनी ती कॅरिअरवर ठेवून दोरीने आवळली. तो निघून गेला.

आबा आल्यावर मी सांगितलं, एक जण मोटार घेऊन गेला, नाव विचारायचं राहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "बरं करं," आणि खाली वाकून पुढच्या मोटारीचा स्क्रू सोडवायला लागले. पुण्यातलं घर माझ्या नावावर आहे. पण मला घर म्हणावंसं वाटतं ते या दुकानाला, जिथे त्या दुपारी आबांनी त्याच्याबद्दल काही विचारलं नाही, आणि जरा वेळाने मला मात्र विचारलं, "तू जेवी लिधं का?"