बेल क्रँक, बाबा आणि श्रीशैलमचा घाट

श्रीशैलमला जायचं ठरलं ते जीप विकायची ठरली म्हणून. हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या घरासमोर ती बारा महिने उभी असायची. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. निवृत्त झाले तेव्हा खात्याच्या लिलावात त्यांनी हीच जीप घेतली, कारण धरणाच्या कामावर ते हिच्यातूनच हिंडले होते. आई म्हणायची, लोक निवृत्त झाल्यावर घरी घड्याळ आणतात, यांनी ऑफिसच उचलून आणलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. बाजार नुकता खुला झाला होता आणि आबिड्सच्या रस्त्यावर रोज एखादी नवीन चकचकीत गाडी दिसायची. मी तिथेच एका ऑफिसात नोकरीला होते. घरात आम्ही तिघंच, त्यामुळे गाडीचा विषय निघाला की जीप विकण्याच्या बाजूने मतदान दोन विरुद्ध एक व्हायचं. पण त्या वर्षी बाबांनीच हात वर केले. उप्पलकडचा एक वीटभट्टीवाला सोमवारी जीप न्यायला येणार होता. बाबा म्हणाले, शनिवारी एकदा धरणावर जाऊन येऊ, मग देऊन टाकू.

विकण्याचं कारण होतं स्टिअरिंग. वर्षभरात ते इतकं जड झालं होतं की बाबांना कोपऱ्यावर वळताना सीटवरून अर्धं उठावं लागायचं. नारायणगुड्याच्या एका मेकॅनिकने टायरमध्ये हवा भरून दिली. दुसरा म्हणाला स्टिअरिंग बॉक्स पूर्ण बदला. तिसऱ्याने गाडीला हातही न लावता सांगितलं, साब, पुरानी गाडी ऐसीच रहती, अब पावर स्टेरिंग की नई लेलो. तिघांचं ऐकून बाबांनी आपला निकाल काढला, की गाडी आहे तशीच आहे, जोर आपला संपलाय. हे ते बोलले नाहीत, पण हळूहळू जीप काढणं बंद झालं. बाजारात जायला रिक्षा बोलवायला लागले. मला ते दिसत होतं, आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. पासष्ट वर्षांच्या माणसाचे हात थकणारच, असं म्हणून मी मोकळी झाले होते.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: हैदराबादहून कल्वकुर्ती, दिंडी, मन्ननूर असा रस्ता आहे, सगळं मिळून दोनशेहून जास्त किलोमीटर. मन्ननूरपासून नल्लमल्लाचं जंगल सुरू होतं आणि तो रस्ता रात्री बंद असतो, त्यामुळे वेळ विचारून निघा. आता रस्ता गुळगुळीत आहे. तेव्हा शहर सोडलं की डांबर कमी आणि खड्डे जास्त होते. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. ती स्वतः आली नाही, तिला जीपमध्ये बसलं की कंबर आठवते.

बाबा चालवत होते. सरळ रस्त्यावर ठीक होतं, पण प्रत्येक वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नव्हतं, त्यांना ते ओढून सरळ करावं लागत होतं. कल्वकुर्तीच्या अलीकडे समोरून एस.टी. आली. बाबांनी डावीकडे घेतलं, पण जीप परत रस्त्यावर वळायला इतका वेळ लागला की पुढची दोन्ही चाकं बाजूच्या शेतात उतरली. एस.टी. निघून गेली. ड्रायव्हरने आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बाबांनी जीप कशीबशी रस्त्यावर आणून इंजिन बंद केलं.

मग म्हणाले, "विजू, तू चालव. घाटात माझ्यानं नाही व्हायचं."

मी सरकून बसले. मला जीप येत होती, पण दोन वर्षांत हात लावला नव्हता. पहिल्याच वळणावर मला घाम फुटला. तेव्हा मी पंचविशीत होते, रोज कोठीच्या बाजारापर्यंत पायी जाऊन भाजीच्या दोन-दोन पिशव्या आणायची. मी म्हणाले, बाबा, हे माझ्यानंही होत नाहीये, म्हणजे गाडीतच काहीतरी आहे. ते म्हणाले, तुला सवय नाही म्हणून. दोघांच्याही हातांना दोष द्यायला ते तयार होते, गाडीला मात्र नाही. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागातच मी कल्वकुर्तीच्या चौकातल्या पहिल्या शेडसमोर गाडी थांबवली.

शेड खाजा उस्तादची होती. साठीचा माणूस, तोंडात पान, बोलणं संथ. आसपासच्या खेड्यांतून सवारी वाहणाऱ्या जीपा याच्याच हाताखालून जात होत्या. मी मघाचा प्रसंग सांगितला, शहरातल्या तिघांची मतंही सांगितली. त्याने ऐकलं आणि बाबांना पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं. बाबा म्हणाले, मेरे से नै होता, बेटी बैठती. उस्ताद म्हणाला, मालिक आप हैं ना, आपीच बैठो.

यापुढचं मी नीट लिहिते, कारण जुनी जीप बाळगणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे. उस्तादची पद्धत अशी की काहीही उघडायचं नाही, आधी एकेक भाग दुसऱ्यापासून सुटा करायचा आणि गाडीच्या मालकालाच हाताने बघायला लावायचं. पहिल्यांदा त्याने जॅक लावून पुढचा अॅक्सल उचलला. चाकं हवेत लोंबली तरी स्टिअरिंग जडच. म्हणजे टायर आणि रस्ता संशयातून सुटले. मग तो खाली शिरला आणि स्टिअरिंग बॉक्सकडून पुढे येणारा दांडा त्याने काढला. खालूनच आवाज आला:

"साब, अब एक उंगली से घुमाओ."

बाबांनी सवयीने दोन्ही हातांनी जोर लावला. स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि ते जवळजवळ तोल जाऊन दाराला लागले. मग त्यांनी एक बोट लावलं. फिरलं. दुसऱ्या बाजूला फिरवलं, तेही फिरलं. उस्ताद बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "बॉक्स भी बराबर, आपके हातां भी बराबर. बीच में कोई अटक के बैठा है."

एवढं ऐकल्यावरही बाबा स्टिअरिंग फिरवतच राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

पुढचं सोपं होतं. दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड काढले. डावं चाक हाताने ढकललं तर वळलं, उजवंही वळलं. म्हणजे दोन्ही टोकं निर्दोष, आणि मधे उरली बेल क्रँक. अॅक्सलवर मधोमध बसवलेला हा एक वाकडा लोखंडी तुकडा असतो. स्टिअरिंगकडून येणारा पुढे-मागे धक्का तो डावी-उजवीकडे वळवून चाकांना देतो. तो आपल्या पिनवर सहज फिरायला हवा. आमचा हलतच नव्हता. उस्तादने त्यावर हातोडीचा दांडा टेकवून जोर लावला तेव्हा कुठे करकरला.

मग त्याने नखाने त्या पिनवरचं निपल, म्हणजे ग्रीस आत भरायचं बारीक तोंड, खरवडलं. काळ्या रंगाची खपली निघाली, तिच्याखाली आणखी एक, आणि त्याखाली आणखी.

"इसकू कौन रंगाया?"

बाबा खाली उतरले. वाकून पाहिलं. आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा असते, बऱ्याच घरी असते. पण लोक गाडी धुतात, झेंडू बांधतात आणि लिंबू फोडतात. बाबा आदल्या दिवशी चटई अंथरून गाडीखाली शिरायचे आणि खालचं सगळं लोखंड काळ्या ऑइलपेंटने रंगवायचे. देवासमोर उभी करायची तर खालूनही स्वच्छ हवी, असा त्यांचा हट्ट. सात दसऱ्यांचे सात हात त्या निपलवर बसले होते. वर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रीस गन घेऊन ते निपलमध्ये ग्रीसही भरायचे. ते गनच्या तोंडाशीच बाहेर यायचं, की बाबा समजायचे आत भरलं, आणि फडक्याने पुसून टाकायचे. आत एक थेंब जात नव्हता.

"मैं रंगाया," बाबा म्हणाले. "मैं इंजिनीअर हूँ."

उस्ताद हसला नाही, हे मी कधी विसरणार नाही. त्याने फक्त एवढं सांगितलं की साब, इतकी मोहब्बत से गाडी रखने वाले कम आते, ग्रीस नीचे जोड में से निकलना, गन के मूं से नै. मग समोरच्या दुकानातून नवीन बेअरिंग आणि निपल आणवलं. पिन ठोकून काढली, रॉकेलमध्ये धुतली, गंज पॉलिश पेपरने घासला. बसवून झाल्यावर ग्रीस गन त्याने बाबांच्या हातात दिली. खालच्या सांध्यातून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत बाबांनी ती दाबली.

अडीच तास गेले. तेवढ्यात मी शेजारच्या टपरीवर गरमागरम मिरची भजी खाल्ली. तिथे थांबलात तर ती खाच, पण पाणी जवळ ठेवा. उस्तादने घेतलेले पैसे डिझेलच्या अर्ध्या टाकीएवढेही नव्हते. बाबा जास्त देऊ लागले तर त्याने परत केले आणि आम्हाला चहा पाजला. म्हणाला, वापसी में पाँच मिनिट रुकना, नट देखता.

मन्ननूरनंतर झाडं दाट झाली आणि वळणं सुरू झाली. बाबाच चालवत होते. धरणाकडे उतरणारा घाट तुम्ही पाहिला असेल तर माहीतच असेल, वळण संपतं न संपतं तोच दुसरं येतं. प्रत्येक वळणानंतर बाबा हात सैल सोडायचे आणि स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायचं. पहिल्या पाच-सहा वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर पाहणं सोडलं आणि कुठल्या वळणावर कुणाचा ट्रक अडकला होता, ते सांगायला लागले. खाली उतरल्यावर धरण दिसेल तिथे थांबलो, दशम्या काढल्या. बाबांनी दोन दशम्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळी मल्लिकार्जुनाचं दर्शन घेऊन देवस्थानच्या खोलीवर झोपलो. खोल्या साध्या आहेत, पण सुट्टीच्या दिवशी लवकर भरतात.

रविवारी परतताना कल्वकुर्तीला थांबलो. उस्तादने नट पाहिले, पैसे घेतले नाहीत. पुढे गाडीत बाबांनी मला सांगितलं, की कोठीच्या एका डॉक्टरकडे ते दोनदा जाऊन आले होते, आम्हाला न सांगता, खांदे दाखवायला. डॉक्टर म्हणाला होता, वय झालं. मला खूप वाईट वाटलं. डॉक्टरचं सोडा, मीही वर्षभर तेच म्हणत होते. आमच्यात एकट्या खाजा उस्तादने ते म्हणण्याआधी गाडी उचलून पाहिली. त्याचे आभार मी तेव्हा नीट मानले नाहीत, म्हणून आता मानते.

सोमवारी वीटभट्टीवाला आला. मी ऑफिसला दांडी मारून घरी थांबले होते, बाबा नाही म्हणणार अशी माझी खात्री होती. त्यांनी त्याला बेल क्रँक दाखवली, ग्रीस कुठून यायला हवं ते समजावलं, मग स्वतः चालवत जीप उप्पलला पोचवून दिली आणि बसने घरी आले. मला रडू येत होतं. मी विचारलं, आता तर ठीक झाली होती, मग का दिलीत?

"मागच्या आठवड्यात दिली असती तर हरून दिली असती," चपला काढत ते म्हणाले. "आज नुसती दिली."

दोन महिन्यांनी घरात छोटी नवी गाडी आली. पुढची अकरा वर्षं ती बाबांनीच चालवली.