लंगडीच्या तासाला बसलेली मुलगी

७ डिसेंबर, रविवार. विशेष गरजा असलेल्या मुलांचे फॉर्म भरत बसले होते. माझ्या सातवीच्या वर्गात अशी एकच मुलगी. जन्मापासून डावा पाय आखूड आणि पंजा आत वळलेला. ‘खेळात सहभाग’ या रकान्यात मी दर वर्षी ‘होय’ लिहीत आले होते, कारण खेळाच्या तासाला ती आंब्याखाली बसून गुण लिहायची. याही वेळी लिहून टाकलं. दिव्यांग दाखल्याची झेरॉक्स तेवढी नव्हती, म्हणून दुपारी स्कूटर काढून बोईसरहून मुरब्याला तिच्या घरी गेले.

घरामागे बोंबील वाळत घातले होते. त्यापलीकडे वाळूत काठीने चौकोन आखून मुली लंगडी खेळत होत्या. लंगडी घालत होती ती हीच. डावा पाय दुमडलेला, उजव्यावर उड्या. समोरची कुठे वळणार हे तिला आधीच कळत होतं. मी बघत उभी होते तेवढ्यात तिने चौघींना बाद केलं, तेही वाळूत. माझ्या लंगडीच्या संघातली एकही मुलगी शाळेच्या कडक मैदानावर दोघींच्या पुढे जात नाही.

तिची आई बोंबील उलटत होती. “या बाय, बसा. आज सुटीच्या दिशी कशा?”

“ही लंगडी घालते?”

“घालते म्हंजे? घरात तशीच पलते. तुमाला नाय ठाव? तीन वरसं तुमच्याच हाताखाली हाय ना पोर?” मग हसली. “हां, तुमी तिला लिवायला बसवता. अक्षर बरा झाला तिचा.”

मला पाहून मुलीने पाय खाली टेकला, चोरी पकडली गेल्यासारखा.

“तू मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणाले. माझी चूक तिच्यावर ढकलायला मला एवढाच वेळ लागला.

“बाई, तुमी पहिल्याच दिवशी वही दिली.”

दिली होती. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, शिक्षकखोलीत सांगितलंही होतं. एका पायावर खेळायचा खेळ, आणि मी तिचा दुसराच पाय बघत राहिले. केंद्रातल्या शाळांच्या लंगडी स्पर्धेसाठी संघ मी शुक्रवारीच ठरवला होता. यादी सोमवारी जायची होती.

निघताना तिने विचारलं, “स्पर्धेला गुण लिवायला मी येऊ ना?”

दाखल्याची झेरॉक्स पर्समध्ये घातली आणि चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी परिपाठाआधी मैदानावर पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला आणि तिला आत बोलावलं. संघातल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तिने तिघींना बाद केलं, चौथीमागे वळताना आपटली. गुडघा सोलवटला. नळाखाली धुतला, तोवर तीच म्हणाली, “बाई, परत घालू?”

यादीत तिचं नाव घातलं. जिचं काढलं, तिला वर्गाबाहेर बोलावून मीच सांगितलं, आणि यात तुझी काही चूक नाही, माझी आहे, हेही सांगितलं. ती रडली. तास सुरू व्हायला उशीर झाला.