नात्याबाहेरचा एक माणूस

शांतारामआबा पाहुण्याला वाइनचा पेला काठोकाठ भरून देतात. वाइन चाखवण्याची रीत अशी नाही. पेल्याच्या तळाशी दोन घोट ओतायचे, पेला फिरवायचा, वास घ्यायचा. आबांना हे ठाऊक आहे. त्यांनी त्याचे प्रशिक्षण घेतले आहे. "पन पाहुनाले अर्धा पेला? तो काय दवा पेवाले उना का?" असे म्हणत ते बाटली तिरपी करतात आणि पेला भरेपर्यंत सरळ करत नाहीत.

साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या अलीकडे त्यांची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये छोटी वाइनरी. घरात कोणी दारूला शिवत नाही. स्वतः आबाही तयार वाइन चमचाभर चाखतात आणि चूळ भरतात. पण वाइनच्या टाक्या घासायच्या त्या त्यांनीच. टाकीत तोंड घालून ते वास घेतात आणि शंका आली की पुन्हा घासायला बसतात.

माझी त्यांची ओळख धुळ्यातली. मी तिथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. एका सप्टेंबरच्या दुपारी आबा कार्यालयात आले. हातात आमच्याच अंकात गुंडाळलेली बाटली होती. ती टेबलावर ठेवून त्यांनी सरळ विचारले, "भाऊ, तू पेपरवाला. मनी वाइनबद्दल लोके काय म्हणतस, ते शोधी दे."

कारण गंभीर होते. वर्षभरात वाइनरीवर येणारे पाहुणे जवळपास थांबले होते. नाशिककडची एक मोठी वाइनरी त्यांची सगळी द्राक्षे घ्यायला तयार होती. ऑक्टोबरच्या छाटणीआधी होकार किंवा नकार कळवायचा होता. होकार दिला की आबांच्या टाक्या कायमच्या रिकाम्या राहणार होत्या. वाइन लोकांना आवडतच नसेल, तर आबांची त्याला तयारी होती. आवडते की नाही, एवढेच त्यांना कळत नव्हते.

मी आधी फोनच्या नकाशावरचे वाइनरीबद्दलचे अभिप्राय उघडले. सगळे पाच ताऱ्यांचे. खुशीत येऊन आबा म्हणाले, "दखा!" मग मी ते मोठ्याने वाचू लागलो. "वाइन एक नंबर. आमच्या घरात कोणी घेत नाही." "आबांचा स्वभाव फार चांगला. गाडी लावायला जागा आहे." "अतिशय चवदार." हा शेवटचा अभिप्राय त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा होता. अक्का माळकरी आहेत.

"आबा, हे सगळे कोण?"

"बठ्ठा आपलाच शेतस," आबा अभिमानाने म्हणाले.

पुतण्याच्या लग्नात पंगत बसली असताना आबा ओळीने फिरले होते. वाढपी जिलबी वाढत होता आणि त्याच्यामागून आबा प्रत्येकाला फोन काढायला लावून तारे घेत होते. एकही पाहुणा सुटला नव्हता.

मग त्याच यादीच्या तळाशी एका ताऱ्याचा अभिप्राय सापडला. आबांनी तो कधी उघडलाच नव्हता. एका परक्या प्रवाशाने लिहिले होते, "बहुतेकांचे आडनाव एकच. चवीबद्दल कोणी एक शब्द लिहीत नाही. मी गाडी पुढे काढली." त्याखाली बऱ्याच जणांनी सहमती दाखवली होती. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळी त्याच होत्या.

"म्हणजे माले नातेवाईकेसनीच बुडावं?"

"त्यांनी नाही, आबा. पंगतीत तुम्ही फिरलात."

आबांनी टेबलावरची बाटली जवळ ओढली. मग म्हणाले, "मना नात्यातला नई, असा एक तरी माणूस दखाड. ज्याले आवडनी."

बातमीदारीत एक साधा नियम असतो. ज्याच्याबद्दल माहिती हवी, त्याच्या अंगणात ती शोधायची नाही. मी वाइनरीचे नाव बाजूला ठेवले. गावाचे नाव, फाट्याचे नाव, रस्त्याचे नाव टाकून समाजमाध्यमांवर फोटो शोधू लागलो. रस्त्याने जाणारी माणसे मालकाला कळवून लिहीत नाहीत. तासाभरात तीन नोंदी सापडल्या. एकाची तक्रार होती, की पेला इतका भरला होता की वास घ्यायला जागाच उरली नव्हती. दुसरी चित्रफीत होती. तीत आबा ओतत होते आणि मागून कोणीतरी "बस, बस" ओरडत होते. तिसरी नोंद सुरतेच्या एका शिक्षिकेची होती. "लाल वाइन थोडी तुरट आहे, पण खरी आहे. गेल्या वर्षी आलो होतो, यंदा मुद्दाम वाट वाकडी करून आलो."

आबांनी ती दोनदा वाचायला लावली. मग बाईंचे आडनाव विचारले.

"सोयरी बी नई?"

"नाही."

"आईकडून?"

"आबा, त्या सुरतेच्या आहेत."

ते उठून बाहेर गेले आणि सगळ्या विभागासाठी चहा घेऊन आले. मोठ्या वाइनरीला नकार त्यांनी आमच्याच कार्यालयातून कळवला.

पुढचे दोन आठवडे त्यांनी नातेवाईकांना फोन करून अभिप्राय पुसायला लावले. तारे घेण्यापेक्षा हे काम अवघड निघाले. "आम्ही काय वाईट लिहिलं?" म्हणून एक मामा रुसले. बहुतेकांनी पुसले. अडून बसल्या त्या अक्का.

"कसाले पुसू?"

"अक्का, तू चाखेल नई."

"मंग जे माले माहीत शे, ते लिखसू."

अक्कांनी नातीला सांगून मजकूर बदलला. नातीने तो शुद्ध मराठीत केला. आज तोच अभिप्राय सर्वांत वर दिसतो. "वाइन मी घेतलेली नाही, घेणारही नाही. पण हा माझा धाकटा भाऊ आहे. लहानपणी कळशी तीनदा विसळल्याशिवाय पाणी भरत नसे."

आबांचे पाहुणे आता वाढले आहेत. मागच्या हिवाळ्यात मी गेलो, तेव्हा पुण्याचे एक जोडपे आले होते. आबांनी बाटली उचलली, पेला पुढे ओढला. बाई म्हणाल्या, "थांबा. ते कळशीचं वाचलंय आम्ही. आधी टाक्या दाखवा."

आबांनी बाटली खाली ठेवली आणि धोतराचा सोगा खोचत शेडकडे निघाले. इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते.