लोखंड कापणारी हवा

साथ आधी शेजारच्या तालुक्यात होती, मग बाजाराच्या गावात आली, मग आमच्या गल्लीत. सरकारी दवाखान्यात खाटा संपल्या, ऑक्सिजनही संपत आला. तेव्हा तहसीलचा माणूस माझ्या वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडर मागायला आला. मी माझा पानासुद्धा कुणाला देत नाही, पण धाकटा भाऊ त्याच दवाखान्यात धापा टाकत होता.

‘न्या,’ म्हटलं, ‘पण आपटू नका.’

टेम्पो गेला आणि डोक्यात किडा वळवळला. जिच्या जोरावर मी जन्मभर लोखंड कापलं, ती हवा माणसाच्या छातीत जाऊन करते तरी काय? डॉक्टरला विचारणं माझ्यानं होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी भावालाच फोन लावला.

‘मास्क लावलाय ना रे? कशी लागते हवा?’

‘गार लागते, दादा. बरं वाटतंय.’

गार? मला तर आजवर तिची आगच ठाऊक होती.