पिंजऱ्यावरची साडी

आमच्या झाडावर सोललेली लिंबं लटकायला लागली. साल फस्त, गर शाबूत. हे पॉसम नावाच्या रात्री फिरणाऱ्या प्राण्याचे उद्योग, असं आमच्या ख्राइस्टचर्चच्या शेजाऱ्यांनी सांगितलं आणि आपला पिंजरा आणून दिला. मी त्यात सफरचंदाची फोड ठेवली, वर डब्यातली दालचिनी भुरभुरली. सकाळी पॉसम आत होता. मांजराएवढा, झुपकेदार शेपटीचा, तारा घट्ट धरून बसलेला.

पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "टेकडीवर सोडून ये गं त्याला. आपण उंदीर नाही का लांब नेऊन सोडायचो?" पण इथे पकडलेला पॉसम पुन्हा सोडायचा नसतो. तो पक्ष्यांची अंडी खातो, झाडं बोडकी करतो. हे मला पटलेलं आहे. तेवढ्यात नवऱ्याने पावसाच्या पाण्याच्या ड्रमचं झाकण काढलं.

"पिंजऱ्यासकट बुडवू. बाबा आईच्या नकळत बादलीत उंदीर असेच बुडवायचे. पाच मिनिटांचं काम."

माझं डोकंच फिरलं. मी आयसीयूत नर्स आहे. श्वास मिळत नाही तेव्हा जीव कसा तडफडतो, हे मला कोणी सांगायला नको.

"पिंजऱ्याला हात लावू नकोस," मी म्हटलं. "दालचिनी मी घातली, पुढचंही मीच बघणार."

"अगं, पेस्ट आहे तो, उपद्रवी प्राणी. इथे सगळे मारतात."

"मारायचाच आहे. छळायचा नाही."

सासूबाईंनी आतून आपली जुनी सुती साडी आणून दिली. ती पिंजऱ्यावर घातली आणि आतली धडपड हळूहळू थांबली. पिंजरा सावलीत ठेवून मी व्हेटला, प्राण्यांच्या डॉक्टरांना, फोन केला. घेऊन या म्हणाले. गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे हॉर्न द्यायला लागले. देऊ देत.

व्हेटने साडीची कड उचलून आधी भूल दिली, मग शेवटचं इंजेक्शन. श्वास थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण चुकलं असं काही वाटलं नाही.

लिंबं अजूनही कुरतडली जात होती, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा फोड कापली. बाहेर गेले तर पिंजरा नवऱ्याने कुंपणाकडेला, सकाळचं ऊन लागणार नाही अशा जागी हलवलेला. ड्रमवर झाकण होतं, झाकणावर मातीची जड कुंडी. आणि पिंजऱ्याशेजारी सासूबाईंची साडी, धुऊन घडी घातलेली.