आईच्या फॉर्मवरचं ‘नाही’

मंडळी, आज मुरबाडला आईकडे जाऊन माझीच चूक निस्तरून आले.

मी लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर काम करते. तंबाखूमुळे डीएनएला झालेली बारीकशी इजाही हे यंत्र लघवीच्या नमुन्यात पकडतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहून तंबाखू न खाणाऱ्यांमध्ये मी माझ्या आईचा नमुना ठेवला होता. निकाल मात्र खाणाऱ्यांसारखा आला. मला वाटलं, यंत्रच बिघडलं.

आज आईला पुन्हा विचारलं, "तंबाखू घेतेस का?"

"नाय गो! माज्या माहेरी पन कोनी शिवला नाय," ती म्हणाली. तेव्हा तिचं बोट तोंडात होतं. मशेरी लावत होती!

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की. रोज बघत वाढले, तरी फॉर्म भरताना मलाही सुचलं नाही.

मी म्हटलं, "आई, मशेरी म्हणजे तंबाखूच. लघवीत सापडले ते तिने खराब केलेले डीएनएचे तुकडे, अंगानेच कापून बाहेर टाकलेले. दुरुस्ती चालू आहे."

"म्हंजे एवढी वर्सं आंग एकटंच निस्तरतंय?" तिने चूळ भरली आणि मशेरीची डबी उकिरड्यावर रिकामी केली. "म्हयन्यानं परत तपास."

तुमच्या आईला ‘तंबाखू खातेस का’ असं विचारू नका. ‘दात कशाने घासतेस’ विचाराल?